व्हॅनगार्डमधला रविवार, पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत

जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकुटाच्या या संचातली पहिलीच रचना मध्ये तुटते. 'ग्लोरियाज स्टेप' सुरू होऊन रंग भरू लागलेला असतो, तोच वीज जाते, ध्वनिमुद्रणाचे यंत्र बंद पडते, आणि ते पुन्हा चालू होईपर्यंत वादन पुढे निघून गेलेले असते. असा टेक (म्हणजे रचनेचे एका वेळचे मुद्रण) कोणतीही कंपनी तबकडीवर घेणार नाही, आणि १९६१ साली रिव्हरसाइड कंपनीनेही तो घेतला नाही. २००५ मध्ये 'द कंप्लीट व्हिलेज व्हॅनगार्ड रेकॉर्डिंग्ज, १९६१' या नावाने तीन सीडींचा संच निघाला, तेव्हा मात्र हा तुटका टेक तुटक्या अवस्थेतच, त्याच्या मूळ जागी म्हणजे अगदी सुरुवातीला ठेवण्यात आला. हा संच कशासाठी घ्यायचा आणि कशासाठी घेऊ नये, याचे निम्मे उत्तर या एका निर्णयात आहे.

ध्वनिमुद्रण २५ जून १९६१ या रविवारचे आहे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात, सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू साउथवर, जिना उतरून जावे लागणाऱ्या एका निमुळत्या तळघरात व्हिलेज व्हॅनगार्ड हा क्लब आहे; मॅक्स गॉर्डन यांनी तो १९३५ मध्ये काढला आणि तो आजही चालू आहे. तिथे बिल इव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (डबल बास) आणि पॉल मोशन (ड्रम्स) या तिघांच्या दोन आठवड्यांच्या कार्यक्रमांचा तो शेवटचा दिवस होता. निर्माते ऑरिन कीपन्यूज आणि ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स यांनी आपली सामग्री तळघरात आणून मांडली आणि दुपारची दोन व संध्याकाळची तीन अशी पाचही सत्रे मुद्रित केली. त्यातून निवडलेल्या सहा रचनांची 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' ही तबकडी त्याच वर्षी आली आणि आणखी सहा रचनांची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' १९६२ मध्ये. जॅझ ऐकणाऱ्यांच्या घरी या दोन तबकड्या नसणे हे आपल्याकडे नाट्यगीते ऐकणाऱ्याच्या घरी बालगंधर्व नसण्यासारखे आहे.

या दोन्ही तबकड्यांमागे एक मृत्यू उभा आहे. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलै १९६१ च्या पहाटे, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावाजवळ लाफारोची मोटार रस्त्याकडेच्या झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. वय पंचवीस. त्यामुळे पहिल्या तबकडीसाठी रचना निवडताना कीपन्यूज आणि इव्हान्स यांनी ज्यात लाफारोचे वादन सर्वांत पुढे आहे त्या निवडल्या, सुरुवात आणि शेवट त्याच्याच दोन रचनांनी केला, आणि मुखपृष्ठावर त्याचे नाव स्वतंत्रपणे छापले. ती श्रद्धांजली होती आणि श्रद्धांजली म्हणून ती उत्तमच आहे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने तो रविवार मागून पुढे नव्हे, तर पुढून मागे ऐकला. प्रत्येक मंद सुरात निरोप ऐकू येऊ लागला. मीही वर्षानुवर्षे तसाच ऐकला, आणि 'माय फूलिश हार्ट' लागले की घरातले दिवे मंद करण्याचा बालिशपणाही केला.

पूर्ण संचाने ही सवय मोडली, आणि त्याचे सर्वांत मोठे मोल माझ्या लेखी तेच आहे. पाच सत्रे वाजली त्याच क्रमाने ऐकताना लक्षात येते की त्या दिवशी कोणी कोणाचा निरोप घेत नव्हते; तीन तरुण माणसे आपल्या नोकरीचा दिवस भरत होती. निवेदक कार्यक्रमाची ओळख करून देतो, मध्यंतराची घोषणा होते, एका ठिकाणी तर पुढे काय वाजवायचे याची वादकांची आपसातली चर्चाही ऐकू येते. 'ऑल ऑफ यू' दिवसभरात तीन वेळा वाजते, 'ग्लोरियाज स्टेप' तीन वेळा, 'वॉल्ट्झ फॉर डेबी', 'माय रोमान्स', 'डिटूर अहेड', 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' प्रत्येकी दोनदा. दुपारच्या पहिल्या सत्राला हजर असलेल्या श्रोत्यांना रात्री काय घडले हे कळले नाही, आणि रात्रीच्या श्रोत्यांना दुपारी काय निसटले होते हे माहीत नव्हते. दोन्ही ऐकण्याची सोय फक्त आपल्याला आहे.

आता लाफारोविषयी. तो मूळचा क्लॅरिनेट वादक. बास त्याने अठराव्या वर्षाच्या सुमारास हाती घेतला, म्हणजे या ध्वनिमुद्रणापर्यंत त्याच्या गाठीशी त्या वाद्याची जेमतेम सात वर्षे होती. त्याच्याकडचे वाद्य मात्र जुने, १८२५ च्या सुमारास न्यू हॅम्पशायरमधल्या एब्रहॅम प्रेस्कॉट नावाच्या कारागिराने केलेले. अपघातात त्याचीही मोडतोड झाली, आणि पुढे कोल्स्टीन कुटुंबाच्या कारखान्यात ते पुन्हा जोडले गेले. लाफारो तारा, बोटे टेकवायच्या पट्टीच्या जवळ आणून ठेवी आणि उजव्या हाताची दोन बोटे आलटून पालटून वापरी, त्यामुळे ज्या वाद्याकडून तोवर मुख्यतः पायाभरणीची अपेक्षा असे, त्यावर तो गिटारच्या चपळाईने फिरू शकत असे. पण चपळाई हा त्याच्या मोठेपणाचा लहान भाग आहे. चपळ बासवादक त्यानंतर शेकड्यांनी झाले.

मोठेपणा कशात आहे, हे आपल्या संगीताच्या भाषेत सांगितले तर पटकन कळेल. जॅझच्या पियानो त्रिकुटात बासवादकाचे रूढ काम ठेका धरण्याचे: चार मात्रांना चार स्वर, चालत्या पावलांसारखे, न थकता. पियानोवादक त्यावर विस्तार करतो आणि ड्रमवादक लय बांधून ठेवतो. लाफारो बहुतेक वेळा हे काम करतच नाही. तो एक स्वर लावून थांबतो, दोन मात्रा सोडून देतो, मग पियानोच्या वाक्याच्या शेपटाला धरून स्वतःचे एखादे वाक्य उच्च सप्तकात नेतो आणि इव्हान्स ते ऐकून आपले पुढचे वाक्य अर्धेच ठेवतो. याला साथ म्हणता येत नाही आणि जुगलबंदीही म्हणता येत नाही, कारण जुगलबंदीत पाळ्या असतात, आधी तू मग मी असे काही ठरलेले असते. इथे दोघे एकाच वेळी बोलतात आणि तरी एकमेकांचे शब्द ऐकतात. सम कुठे आहे हे तिघांपैकी कोणीही सांगत नाही. तिघांनाही ती ठाऊक आहे एवढ्यावर सगळे चालते. 'सोलर' ऐकताना मी पहिल्या काही वेळा हाताने मात्रा मोजू लागलो आणि तिसऱ्या आवर्तनात हरवलो. नंतर मोजणे सोडले, तेव्हा ती रचना ऐकू येऊ लागली.

हे एका दिवसात साधलेले नव्हते. त्रिकूट जमले १९५९ च्या अखेरीस, आणि त्याच डिसेंबरात 'पोर्ट्रेट इन जॅझ' मुद्रित झाली. फेब्रुवारी १९६१ मधली 'एक्सप्लोरेशन्स' हे त्यांचे स्टुडिओतले दुसरे आणि शेवटचे काम. त्या दिवशी इव्हान्स आणि लाफारो यांच्यात खटके उडत होते आणि इव्हान्स त्या ध्वनिमुद्रणावर मुळीच खूश नव्हता. इव्हान्सला ध्वनिमुद्रणासाठी तयार करणे हे कीपन्यूज यांच्यासाठी नेहमीच कष्टाचे काम असे. क्लबात जाऊन दिवसभराचे वादन टिपण्याचा मार्ग त्यामुळेच शहाणपणाचा ठरला: स्टुडिओतला मुद्रणाचा लाल दिवा लागला म्हणून वादकाने अवघडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दिवसाची पाच सत्रे तशीही वाजवायचीच होती.

एकाच रचनेचे अनेक टेक ऐकण्याचा मला पूर्वी कंटाळा असे, आणि बहुतेक 'संपूर्ण' संचांबद्दल तो आजही आहे. कलावंताने टाकून दिलेले कागद वेचून छापण्याची प्रकाशकांची हौस ही काही नेहमीच कलाप्रेमातून येत नाही. या संचाची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे टाकाऊ असे जवळपास काहीच नाही. कोल पोर्टरचे 'ऑल ऑफ यू' हे नाटकातले साधे, ओळखीचे गाणे, परंतु इव्हान्स त्याचा मुखडा सरळ वाजवण्याच्या भानगडीतच फारसा पडत नाही. तो मुखड्याच्या आसपास फिरतो आणि ओळखण्याचे काम श्रोत्यावर सोडतो. दुपारचा टेक जरा सावध आहे. संध्याकाळच्या पहिल्या सत्रातला, जो मूळ तबकडीवर घेतला गेला, तो सर्वांत घडीव आहे. शेवटच्या सत्रातला तिसरा टेक मला अधिक आवडू लागला आहे, कारण त्यात तिघेही थोडे बेपर्वा झालेले आहेत आणि बास कधी पुढे येतो व कधी मागे जातो याचा अंदाज शेवटपर्यंत लागत नाही. तबकडीसाठी दुसराच निवडणे योग्य होते. फक्त आता निवड करण्याची सक्ती उरलेली नाही.

'ग्लोरियाज स्टेप' ही लाफारोची रचना बांधणीनेच चमत्कारिक आहे. गाण्यांचे भाग सहसा आठ-आठ बारांचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) असतात. इथे पाच बारांचे दोन भाग आणि दहा बारांचा एक, असे वीस बारांचे आवर्तन आहे. ऐकताना हे खटकत नाही, पण प्रत्येक आवर्तन आपल्या अपेक्षेहून थोडे आधीच उंबरठ्यावर येऊन उभे राहते आणि त्यामुळे रचनेत सतत एक पाऊल पुढे टाकल्याची भावना राहते. वीज गेल्यामुळे तुटलेला पहिला टेकही या दृष्टीने ऐकण्यासारखा आहे. खंडानंतर वादन पुन्हा ऐकू येते तेव्हा आपण आवर्तनात कुठे आहोत हे शोधण्याचा खेळ चांगला रंगतो.

पॉल मोशनबद्दल लिहिणारे नेहमीच थोडक्यात आटोपतात आणि तो अन्याय आहे. 'माय फूलिश हार्ट' हे त्याच्यासाठी ऐकावे. इतक्या संथ लयीत ड्रमवादकापुढे दोनच सोपे मार्ग असतात: ब्रशने एकसारखे घोटत राहणे किंवा गप्प बसणे. मोशन तिसरेच काहीतरी करतो. झांजेवर एक स्पर्श, मग तो विरेपर्यंत काही नाही, मग ब्रशची एक लांब रेघ, जणू कोणी शेजारच्या खोलीत कागद उलगडतो आहे. इव्हान्सच्या स्वरसमूहांना मोकळी जागा लागते, आणि ती त्याला या माणसाने मिळवून दिली. मोशन तिघांत सर्वांत जास्त जगला. पुढे तो पियानोवादक कीथ जॅरेटबरोबर अनेक वर्षे वाजवत होता, स्वतः रचनाकार झाला, आणि उत्तरायुष्यात प्रवास सोडून न्यूयॉर्कमध्येच, बऱ्याचदा याच तळघरात वाजवत राहिला. २०११ च्या नोव्हेंबरात तो गेला.

श्रोत्यांच्या आवाजाचा उल्लेख या ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक परीक्षणात येतो, आणि तो टाळता येण्यासारखाही नाही. पेले किणकिणतात, कोणीतरी बाई मध्येच हसते, मागच्या टेबलावर गप्पा चालू असतात, आणि रचना संपल्यावर टाळ्या वाजतात त्या इतक्या विरळ की मोजता याव्यात. आपल्याकडच्या जुन्या खाजगी बैठकींची ध्वनिमुद्रणे ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे विशेष खटकेल, कारण तिथे श्रोत्याचा आवाज म्हणजे दाद: समेवरचा 'वा', एखाद्या जागेवरचा उसासा. इथला श्रोता बेसावध आहे. रविवारी दुपारी तो दोन घोट घ्यायला आणि सोबतीला आला आहे, आणि समोर काय चालले आहे याची त्याला कल्पना नाही. मला सुरुवातीला त्या लोकांचा राग येई. हल्ली वाटते की कोणी कान टवकारून बसलेले नसल्यामुळेच तिघे इतके एकमेकांपुरते वाजवू शकले असावेत. त्या हसणाऱ्या बाईची आता इतकी सवय झाली आहे की ती ठरावीक जागी हसली नाही तर चुकल्यासारखे वाटेल.

'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही इव्हान्सने भावाच्या लहान मुलीसाठी केलेली रचना. १९५६ च्या त्याच्या पहिल्या तबकडीवर ती एकट्या पियानोवर, अगदी छोट्या रूपात आहे. इथे सुरुवातीला पियानो आणि बास दोघेच तीन मात्रांत मुखडा मांडतात, आणि मग विस्तार सुरू होताना लय चार मात्रांत जाते. बोट धरून चालणारे मूल हात सोडून धावत सुटावे तसा तो क्षण आहे. 'सम अदर टाइम'च्या तळाशी दोन स्वरसमूहांचा जो संथ झोका आहे, त्याच झोक्यावर इव्हान्सने १९५८ मध्ये 'पीस पीस' हे एकल वादन केले होते, आणि त्याचाच धागा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' मधल्या 'फ्लेमेन्को स्केचेस' पर्यंत जातो. त्या तबकडीतल्या बहुतेक रचनांवर पियानो इव्हान्सचाच आहे. 'माइलस्टोन्स' मात्र डेव्हिसने १९५८ मध्ये मुद्रित केले तेव्हा पियानोवर रेड गारलंड होता, आणि व्हॅनगार्डमधल्या या आवृत्तीत इव्हान्स इतका मोकळा आहे की उसन्या घरातल्या पाहुण्याला यजमानाहून जास्त जागा मिळाल्यासारखे वाटते. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' आणि 'डिटूर अहेड' गोड आहेत. दोन-दोन वेळा ऐकल्यावर थोड्या जास्तच गोड वाटतात. गर्श्विनच्या ऑपेरातल्या दोन रचनांपैकी 'माय मॅन्स गॉन नाऊ' मधला काळोख मला अधिक खरा वाटतो.

लाफारोच्या जाण्यानंतर इव्हान्स कित्येक महिने लोकांसमोर बसला नाही. पुढच्या वर्षी चक इस्रायल्स या बासवादकाबरोबर तो परतला, अनेक उत्तम त्रिकुटे त्याने नंतर जमवली, आणि व्हॅनगार्डशी त्याचे नाते अखेरपर्यंत टिकले. सप्टेंबर १९८० मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला, त्याच्या काही महिने आधीही तो याच तळघरात वाजवत होता. मधल्या वर्षांत हेरॉइन होते, कर्जे होती, नंतर कोकेन होते, १९७९ मध्ये ज्या भावाच्या मुलीसाठी वॉल्ट्झ केला त्या भावाची आत्महत्या होती. कलावंताच्या व्यसनाला त्याच्या सुरांचे कारण ठरवणारे लेखन मला सहन होत नाही. या संचात तरी त्याचा एकही पुरावा नाही. जे आहे ते एकतीस वर्षांच्या एका माणसाचे विलक्षण एकाग्र, शिस्तीचे काम आहे.

तिसरी सीडी लाफारोच्या 'जेड व्हिजन्स' या रचनेकडे येते. नऊ मात्रांची, अतिशय संथ, जवळपास विस्तारच नसलेली ही रचना आहे; बासवर लाफारो एकेरी स्वरांऐवजी स्वरांच्या जोड्या छेडतो आणि पियानो त्याच्यावर फक्त सावली धरतो. रात्रीच्या शेवटच्या सत्रात ती लागोपाठ दोनदा वाजवली गेली. एवढ्या छोट्या रचनेला दोन टेक कशाला, असे वाटते. पण पहिल्यात तिघेही नऊ मात्रांचा तोल जपताना ऐकू येतात आणि दुसऱ्यात तो तोल सहज झालेला असतो. मूळ तबकडीवर दुसरा टेक आहे. त्यानंतर मेळाच्या अखेरच्या सुरावटीचे काही बार आहेत आणि मग तळघरातला तो आवाज, जो पाचही सत्रांत खाली चालूच होता, एकदम बंद होतो.

आता संचाविषयी काही व्यावहारिक गोष्टी. ध्वनी त्या काळाच्या मानाने थक्क करणारा आहे. दोन ट्रॅकवर थेट टिपलेल्या या मुद्रणात बासच्या तारेवरचे बोट आणि झांजेची कड वेगवेगळी कळते. पियानोचा वरचा भाग मात्र मला थोडा पातळ वाटतो, आणि हेडफोनवर तो जास्त जाणवतो. शक्य असेल तर स्पीकरवर ऐकावे. स्ट्रीमिंगवर हा संच ऐकणाऱ्यांनी गाण्यांची सरमिसळ करणारा पर्याय आठवणीने बंद करावा, नाहीतर घोषणा आणि गप्पांचे तुकडे भलत्या ठिकाणी येऊन बसतात आणि ज्या क्रमासाठी हे सगळे केले त्यावरच पाणी पडते. एका बैठकीत तिन्ही सीडी ऐकण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या सीडीपर्यंत कान शिणले. सत्र संपले की उठावे, चहा करावा. त्या दिवशी वादकांनाही मध्यंतरे होतीच.

ज्यांनी इव्हान्स कधीच ऐकला नाही त्यांनी हा संच आधी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही एकच तबकडी घ्यावी, तीही वाढीव टेक जोडलेली सीडी नव्हे तर मूळ सहा रचनांच्या क्रमातली, आणि महिनाभर तिच्याबरोबर राहावे. नंतर 'संडे'. ज्यांना या दोन्ही पाठ आहेत, पुढची रचना सुरू होण्याआधीच ज्यांच्या मनात तिच्या पहिल्या स्वराचा अंदाज येतो, त्यांनी मात्र अडीच तासांच्या या संचाचा खर्च निःशंक करावा. पाठ झालेल्या त्या बारा रचना आपापल्या जागी, मागचे-पुढचे वाजणे ऐकत ऐकत, पुन्हा नव्याने भेटतात. रविवारी दुपारी सुरुवात करावी आणि पहिली रचना मध्येच तुटली म्हणून सीडी खराब निघाल्याची तक्रार घेऊन दुकानात जाऊ नये. मी जवळजवळ गेलो होतो.